रसायनशास्त्राचा पेपर झाला, चौघांची चार उत्तरं. बरोबर कोणाचं, हे ठरवायचं कसं?

निळी शाई:

आज रसायनशास्त्राचा पेपर झाला. बाहेर आलो आणि पाच मिनिटांत आमच्या चौघांच्या गटात उत्तरं जुळवणं सुरू झालं. जुळवता जुळवता आवाज चढले, एक मैत्रीण रडायला लागली, आणि शेवटी एकाने सांगून टाकलं, "तिघांचं एकच येतंय, म्हणजे तेच बरोबर. विषय संपला." मला हे काही केल्या पटत नाहीये. प्रश्नपत्रिका हातात आहे, म्हणून जिथे वाद झाला तेवढेच प्रश्न इथे लिहिते.

प्रश्न ४, पर्यायी. २० मिलीलिटर ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लासाठी, सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या द्रावणात, ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट किती लागेल? पर्याय १०, २०, ५० आणि १२५ मिलीलिटर. माझं २० आलं. दोघांचं १२५, एकाचं ५०. १२५ वाले म्हणतात, समीकरणात २ आणि ५ आहेत, म्हणून अडीचने गुणायचं. मीही तेच २ आणि ५ घेतले, पण मी अडीचने भागलं.

प्रश्न ७, लेखी. १०^-८ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढा. एकाचा ८, दोघांचा ६.९६, माझा ६.९८. ६.९६ वाले म्हणतात की मी आकडेमोडीत कुठेतरी घसरले असणार.

प्रश्न ९. झिंक आणि कॉपरचा सेल, झिंक आयन ०.१ मोलर, कॉपर आयन ०.०१ मोलर, स्टँडर्ड व्होल्टेज १.१०, तापमान २५ अंश. तिघांचं १.१३ व्होल्ट, माझं एकटीचं १.०७. "तिघांचं एकच" हे वाक्य इथलंच.

प्रश्न १२. प्रोपीनवर बेंझॉइल पेरॉक्साइडच्या उपस्थितीत हायड्रोजन क्लोराइडची क्रिया केली तर मुख्य पदार्थ कोणता? दोघं १-क्लोरोप्रोपेन म्हणतात, दोघं २-क्लोरोप्रोपेन. मी २ लिहिलंय, पण खात्री नाही. पेरॉक्साइड दिसलं की नेहमीच्या उलट, दुसऱ्या कार्बनवर लिहायचं असंच आम्ही घोकलं होतं. तरी प्रश्नात काहीतरी खटकलं आणि मी हात आवरला.

प्रश्न १५. अमोनिया आणि तीन मिथाइल अमाइन्स यांचा बेसिसिटीचा उतरता क्रम, वायू अवस्थेत. मी आणि आणखी एकीने डायमिथाइल अमाइन पहिलं लिहिलं, उरलेल्या दोघांनी ट्रायमिथाइल.

प्रश्न १६. टेट्राथायोनेटमधल्या सल्फरचा ऑक्सिडेशन नंबर. एकाचं अडीच, एकीचं ५ आणि ०. हे दोन्ही कसं असू शकतं?

फर्स्ट ऑर्डरचा एक प्रश्न होता, ४० मिनिटांत ७५ टक्के अभिक्रिया झाली तर हाफ लाइफ किती. तिथे सगळ्यांचं २० मिनिटं आलं, म्हणून तो सोडते.

मार्क किती पडतील हे मी विचारत नाहीये. बरोबर काय आहे, आणि ते माझं मला कसं कळावं, एवढंच हवंय. परवा गणित आहे आणि डोक्यातून हा पेपर जात नाहीये.


शेवटचा बाक:

२०, ६.९८, १.०७, २-क्लोरो. हे चारही तुझे बरोबर आहेत. अमाइनचं मात्र मला वाटतं ट्रायमिथाइल पहिलं येईल.

पण एक सांगू? रडणाऱ्या मैत्रिणीला आज काहीच सांगू नकोस. आमच्याकडे आम्ही ठरवूनच टाकलंय की शेवटचा पेपर होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. झालेला पेपर बदलता येत नाही, परवाचा येतो.


गुलाबी थेंब:

मी प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं घेते. पेपर सुटल्यावर दाराबाहेर जमणारे घोळके दरवर्षी पाहते आणि शक्य असेल तेव्हा त्यांत जाऊन उभी राहते. शेवटचा बाक म्हणतो ते मैत्रिणीच्या बाबतीत खरं आहे, तिला आज झोपू दे. पण उत्तरं जुळवूच नका असं मी कधी सांगणार नाही. प्रश्न डोक्यात इतका जिवंत पुन्हा कधी नसतो. आपण कुठल्या पायरीवर अडखळलो, काय खोडलं, कशाची शंका आली होती, हे सगळं आज आठवतं, आठवड्यानं नाही आठवणार. फक्त आकड्याला आकडा लावत बसू नका. रसायनातल्या बहुतेक उत्तरांची तपासणी त्या उत्तरातच दडलेली असते. ती करून पाहिली की तिघं काय म्हणतात याने फरक पडत नाही.

परमँगनेटपासून सुरू करू. आधी ब्युरेट डोळ्यांसमोर आण. तुम्ही वापरता ती ५० मिलीलिटरची. १२५ मिलीलिटर ओतायचं म्हणजे ती अडीच वेळा भरायची, तेही फक्त २० मिलीलिटर आम्लासाठी. असा प्रयोग कोणी लावत नाही. हा पुरावा नव्हे, पण संशय यायला पुरेसा आहे. पुरावा इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात आहे. परमँगनेटमधलं मँगनीज +७ वरून +२ वर येतं, म्हणजे एक परमँगनेट ५ इलेक्ट्रॉन घेतो. ऑक्झॅलिक आम्लातले दोन कार्बन +३ वरून +४ वर जातात, म्हणजे एक रेणू २ इलेक्ट्रॉन देतो. आम्ल आहे १ मिलिमोल, ते देणार २ मिलिमोल इलेक्ट्रॉन. ते घ्यायला परमँगनेट लागणार ०.४ मिलिमोल, आणि ०.०२ मोलर द्रावणात तेवढं २० मिलीलिटरमध्ये असतं. आता १२५ चा हिशेब लाव. त्यात परमँगनेट २.५ मिलिमोल, त्याला हवेत १२.५ मिलिमोल इलेक्ट्रॉन, आणि देणाऱ्याकडे आहेत २. ५० वाल्याने एकास एक धरलं, तिथे मागणी ५ आणि पुरवठा २. जो जास्त इलेक्ट्रॉन घेतो तो कमी लागतो, हे एकदा मनात बसलं की गुणायचं की भागायचं हा प्रश्नच पडत नाही.

आणि हेही बघ की १०, ५०, १२५ हे तिन्ही आकडे हवेतून आलेले नाहीत. नुसतं ५ ने भागलं तर १० येतं, गुणोत्तर विसरलं तर ५०, उलटं धरलं तर १२५. पेपर काढणाऱ्याने नेहमीच्या चुका करून पाहिल्या आणि त्यांचीच उत्तरं पर्यायांत ठेवली. त्यामुळे "माझं उत्तर पर्यायात होतं" याने काहीच सिद्ध होत नाही. दोघं एकाच चुकीच्या वाटेने गेले तर दोघं एकाच ठिकाणी पोचणार, यात नवल काय?

हे टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून किती लागतं ते मोजणं, तू केलं असशील तर आठव. फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलेला, हाताला चटका बसेल असा. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग तसाच राहतो. नवखी मुलं तिथेच घाबरतात, एंड पॉइंट आला म्हणून कॉक बंद करतात. थांबायचं असतं. हलवत राहिलं की तो रंग हळूहळू विरतो. दुसरा थेंब जरा लवकर विरतो, आणि मग एकदम असा वेग येतो की थेंब पडताच नाहीसा होतो. अभिक्रियेतून तयार झालेले मँगनीजचे +२ आयन त्याच अभिक्रियेला पुढे ढकलतात. इतक्या वर्षांनीही मला तो क्षण पाहायला आवडतो, माझं इथलं नावही त्यावरूनच आहे. सल्फ्युरिक आम्ल का घालतात हे तुमच्या पेपरात विचारलं नसलं तरी लक्षात ठेव. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडचंच क्लोरीन करत बसतं आणि ब्युरेटचं रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर आहे.

आता पीएच. ८ लिहिणाऱ्याला एकच विचारायचं. आम्ल पाण्यात कितीही पातळ केलं तरी त्याचं बेस होईल का? नाही होणार. ते ७ च्या जवळ जवळ जात राहील, पण ७ ओलांडणार नाही. १०^-८ म्हणजे इतकं थोडं आम्ल आहे की पाणी स्वतः जे हायड्रोजन आयन देतं तेच त्याच्याहून जास्त आहेत. पाण्याला हिशेबात घ्यावंच लागतं.

६.९६ वाल्यांनी पाण्याला घेतलं, हे चांगलं केलं. त्यांनी १०^-७ मध्ये १०^-८ मिळवले आणि १.१ × १०^-७ चा लॉग काढला. पण बाहेरून हायड्रोजन आयन आले की पाणी आपले थोडे कमी देतं, समतोल मागे सरकतो. म्हणून १०^-७ हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे, या द्रावणाचा नाही. तपासायचं कसं? द्रावणावर एकूण भार शून्य असायला हवा. म्हणजे हायड्रोजन आयन जितके, तितकेच क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड मिळून. ६.९६ घेतला तर हायड्रोजन आयन १.१ × १०^-७. त्यावरून हायड्रॉक्साइड येतात ०.९१ × १०^-७, त्यात क्लोराइडचे ०.१० × १०^-७ मिळवले की १.०१. एका बाजूला १.१०, दुसऱ्या बाजूला १.०१. ऋण भार कमी पडतो! बाटलीत असं द्रावण असूच शकत नाही. आता ६.९८ बघ. हायड्रोजन आयन १.०५ × १०^-७, हायड्रॉक्साइड ०.९५, क्लोराइड ०.१०. बेरीज १.०५. बरोबर बसलं. तू क्ष मानून वर्गसमीकरण सोडवलं असशील, ते याच भाराच्या हिशेबाचं आहे.

सेलचा प्रश्न मी थोडक्यात उरकते, कारण तिथे तुझं उत्तर डोळे मिटून तपासता येतं. हा सेल चालतो तेव्हा कॉपर आयन संपत जातात आणि झिंक आयन वाढत जातात. चालता चालता त्याचं व्होल्टेज उतरतं, शेवटी शून्य होतं. तुमच्या सेलमध्ये झिंक आयन आधीच दहापट आहेत, म्हणजे तो त्या उताराला लागलेलाच आहे. व्होल्टेज १.१० पेक्षा कमीच हवं. ०.०५९२ भागिले २, गुणिले लॉग १०, म्हणजे जवळपास ०.०३, आणि ते वजा. १.०७. तिघांनी लॉगच्या आतला अपूर्णांक उलटा मांडला आणि वजाचं अधिक झालं.

पेरॉक्साइडचा प्रश्न मात्र मला सगळ्यात आवडला. तुला जे खटकलं ते योग्य खटकलं. पेरॉक्साइडने दिशा बदलते ती हायड्रोजन ब्रोमाइडची. क्लोराइडची नाही, आयोडाइडचीही नाही. कारण पेरॉक्साइडमुळे जी साखळी सुरू होते तिचे दोन टप्पे असतात. पहिल्यात हॅलोजनचा अणू दुहेरी बंधाला चिकटतो आणि कार्बनचं रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा राहिलेला तुकडा, तयार होतं. दुसऱ्यात ते रॅडिकल नव्या रेणूतला हायड्रोजन ओढून घेतं आणि हॅलोजनचा अणू पुन्हा मोकळा होतो. ब्रोमिनच्या बाबतीत दोन्ही टप्प्यांत ऊर्जा बाहेर पडते, म्हणून साखळी धावते. हायड्रोजन आणि क्लोरीनचा बंध फार घट्ट आहे, मोलमागे सुमारे ४३१ किलोज्यूल, तर ब्रोमिनचा सुमारे ३६६. त्यामुळे क्लोरीनचा दुसरा टप्पा ऊर्जा खातो आणि साखळी अडते. आयोडीनचा बंध सहज तुटतो, पण तिथे पहिलाच टप्पा अडतो. साखळी चालली नाही की नेहमीची आयनांची वाट उरते, आणि ती २-क्लोरोप्रोपेनला जाते.

याची मागची हकीकतही सांगण्यासारखी आहे. हायड्रोजन ब्रोमाइड कुठल्या कार्बनवर कसं बसतं याबद्दल रसायनशास्त्रज्ञांची आपापसांतली उत्तरं कितीतरी वर्षं जुळत नव्हती. तोच प्रयोग, तीच रसायनं, निकाल वेगळे. १९३३ मध्ये खराश आणि मेयो यांनी अ‍ॅलिल ब्रोमाइडवर काम करून दाखवलं की फरक हवेमुळे पडतो. हवेतल्या ऑक्सिजनने नमुन्यात नकळत पेरॉक्साइड तयार झालेलं असायचं आणि तेवढ्याने अभिक्रियेची दिशा फिरायची. कोणाचाही निकाल खोटा नव्हता. बाटलीत काय काय आहे हे कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही चौघंही उत्तर सांगण्याआधी प्रश्नातल्या अटी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

अमाइनचं तसंच झालंय. तू लिहिलेला क्रम चुकीचा नाही, तो पाण्यातला आहे. पाण्यात डायमिथाइल, मग मिथाइल, मग ट्रायमिथाइल, शेवटी अमोनिया. तिथे पाण्याचे रेणू आयनाभोवती जमून त्याला सांभाळतात, आणि ट्रायमिथाइलच्या भोवती त्यांना जागा कमी मिळते. वायू अवस्थेत पाणीच नाही. तिथे फक्त मिथाइल गट इलेक्ट्रॉन पुढे ढकलतात, जितके गट जास्त तितकं बरं. म्हणून ट्रायमिथाइल, डायमिथाइल, मिथाइल, अमोनिया.

टेट्राथायोनेटसाठी मला प्रश्नाचे नेमके शब्द हवेत. ते टाक, मग सांगते.

आणि हाफ लाइफचा प्रश्न सगळ्यांचं जुळलं म्हणून सोडू नकोस. १०० चे ५०, ५० चे २५, म्हणजे ४० मिनिटांत दोन हाफ लाइफ. २० बरोबर आहे. पण बरोबर आहे ते या कारणाने.


पाण्यासकट:

मी त्या ६.९६ वाल्यांपैकी. हिने प्रश्न टाकलाय म्हणून इथे आलो. भाराचा हिशेब पटला, पण ०.०२ साठी वर्गसमीकरण सोडवायचं? पेपरात तेवढा वेळ कोणाकडे असतो? पाणी धरलं हेच महत्त्वाचं ना?


गुलाबी थेंब:

फरक ०.०२ चा आहे म्हणून पद्धत जवळपास बरोबर, असं वाटणं साहजिक आहे. तीच पद्धत १०^-६ मोलर आम्लाला लावून बघ. १०^-६ मध्ये १०^-७ मिळवलेस तर १.१ × १०^-६, पीएच ५.९६. आता पाण्याला पूर्ण विसरून जा, पीएच ६.०० येतो. आणि नीट सोडवलंस तर ५.९९६, म्हणजे ६.०० च. पाणी धरून तू खऱ्या उत्तरापासून लांब गेलास, न धरणारा जवळ राहिला! म्हणून मी म्हणते की नुसतं मिळवणं ही सोपी केलेली पद्धत नव्हे, तिच्या मुळातच गडबड आहे. आम्ल जेवढं जास्त, तेवढं पाण्याचं आयन देणं दबतं. १०^-६ ला ते १०^-८ च्या आसपास येऊन बसतं, आणि तू मात्र तिथेही १०^-७ च मिळवत राहतोस.

वेळेचं म्हणशील तर वर्गसमीकरण लिहायला चार ओळी पुरतात. क्ष वर्ग, वजा १०^-८ क्ष, वजा १०^-१४, बरोबर शून्य. धन मूळ घ्यायचं.


लाल पेन:

मी शिकवतो आणि उत्तरपत्रिका तपासतो. वरच्या ताईंनी रसायन सांगितलंय, मी कागदावरचं सांगतो. ६.९६ लिहिणाऱ्याने "पाण्याचे हायड्रोजन आयनही विचारात घेऊ" असं एक वाक्य लिहिलं असेल, तर मी असतो तर त्याला त्या पायरीचे मार्क दिले असते. नुसता आकडा लिहून चौकट मारणाऱ्याला काय देणार? त्याने काय विचार केला हे मला दिसतच नाही. हेच ८ वाल्याचं. त्याने सूत्र बरोबर लिहिलं असेल तर सूत्राचं मिळेल, पण "आम्ल असूनही पीएच ८ आला" हे लिहिताना त्याचा हात थांबायला हवा होता. सेलच्या प्रश्नात व्होल्ट हे एकक लिहायला विसरू नका. लहान गोष्ट आहे, पण सेल अभिक्रिया न लिहिता थेट सूत्रात आकडे घालणारी मुलंच अपूर्णांक उलटा मांडतात, हे मी वारंवार पाहिलंय. आधी अभिक्रिया लिहा. तयार होणारं वर, वापरलं जाणारं खाली.


पाण्यासकट:

मग अजून एक. पीएच ७ च्या खाली गेला की आम्ल, हे तरी नक्की ना? ६.९८ म्हणजे आम्लच.


गुलाबी थेंब:

२५ अंशांना, हो. पण शुद्ध पाणी ६० अंशांपर्यंत तापव, त्याचा पीएच सुमारे ६.५ होतो. ते आम्ल झालं का? नाही. तापमान वाढलं की पाणी जास्त विघटित होतं, हायड्रोजन आयन वाढतात, पण हायड्रॉक्साइडही तितकेच वाढतात. दोन्ही सारखे म्हणजे न्यूट्रल. ७ हा आकडा २५ अंशांचा आहे. आम्ल कोणाला म्हणायचं, तर ज्यात हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडपेक्षा जास्त त्याला. वर आपण हेच मोजलं, १.०५ विरुद्ध ०.९५. प्रश्नपत्रिकेत तापमान दिलेलं असतं ते उगाच नाही.


निळी शाई:

ताई, मनापासून आभार. १२५ वाल्यांना मी इलेक्ट्रॉनांचा हिशेब पाठवला. एकाने लगेच मान्य केलं, दुसरी म्हणते आता विचारू नकोस, गणित झाल्यावर बघू. ते ठीकच आहे. १.१३ वाल्या तिघांनाही चालता चालता उतरणाऱ्या सेलचं सांगितलं, तिथे मात्र कोणी वाद घातला नाही.

अमाइनच्या प्रश्नात "वायू अवस्थेत" हे शब्द ठळक छापलेत. चारदा वाचूनही मी पाण्यातलाच क्रम लिहिला, कारण तोच पाठ होता. आता दोन्ही क्रम कारणासकट वहीत लिहून ठेवले.

प्रश्न १६ चे शब्द असे आहेत: "टेट्राथायोनेट आयनातील सल्फरचा ऑक्सिडेशन क्रमांक काढा व रचनेच्या आधारे स्पष्ट करा." २ मार्क. अडीचवाल्याने फक्त आकडेमोड केलीय. ५ आणि ० वालीने आकृती काढून प्रत्येक सल्फरपुढे आकडा लिहिलाय.


गुलाबी थेंब:

मग दोघांमध्ये भांडण नाहीच. आयनात ४ सल्फर, ६ ऑक्सिजन, भार -२. ऑक्सिजनचे -१२, म्हणून चार सल्फर मिळून +१० व्हायला हवेत. चौघांत वाटले की सरासरी अडीच. पण चारही सल्फर सारखे नाहीत. ते एका रांगेत आहेत. टोकाच्या दोघांना तीन-तीन ऑक्सिजन लागलेत, मधले दोघं फक्त सल्फरला जोडलेले. एकाच मूलद्रव्याच्या दोन अणूंमधल्या बंधाचे इलेक्ट्रॉन सारखे वाटले जातात, म्हणून मधल्यांचा ०. टोकाच्यांचा +५.

प्रश्नात "रचनेच्या आधारे" आहे, तेव्हा आकृती काढणारीचं उत्तर पूर्ण. अडीचवाल्याचा हिशेब चुकलेला नाही, त्याचा दुसरा भाग लिहायचा राहिलाय. दोघांना एकमेकांच्या आकड्यांची बेरीज करायला सांग. ५, ०, ०, ५ आणि अडीच चोक, दोन्ही १० च येतात.